मधली सुट्टी : शेवटच्या ओळीलाही दिसलं पाहिजे



गेल्या सोमवारची गोष्ट. मधली सुट्टी संपली, घंटा झाली, तरी मागच्या दोन बाकांवरची कुजबुज काही थांबेना. मी पुस्तक मिटलं आणि हळूच मागं गेले. पाहते तर काय, आमच्या वर्गाचा गोलकीपर वहीच्या शेवटच्या पानावर एक भली मोठी कमान काढत बसलेला, आणि बाजूचे तिघे-चौघे "अजून उंच काढ, अजून उंच" म्हणून त्याला सांगताहेत.

"काय रे हे? इंद्रधनुष्य?"

"न्हाई बाई, वेम्ब्ली हाय! लंडनचं स्टेडियम. नव्वद हजार माणूस बसतंय तिथं!"

आता यावर रागावणार कसं? आमचं कोल्हापूर तुम्हांला ठाऊक आहे ना? इथं फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या दिवशी पेठापेठांत दुसरा विषय नसतो. आणि संघांची नावं तरी कशी! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, ही पैलवानांची नावं फुटबॉलमध्ये कशी आली? त्याचं उत्तर सोपं आहे. पेठेतली पोरं जमायची ती तालमीत. सकाळी जोर-बैठका मारणारी पोरंच संध्याकाळी बॉल घेऊन मैदानात उतरली. मग संघाला वेगळं नाव कशाला हवं? तालमीचं नाव तेच संघाचं नाव. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि या खेळाला रीतसर घर मिळालं. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉलचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हापासून तर आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला वाटतं, पुढचा नंबर आपलाच!

तर मी त्या गोलकीपरला म्हटलं, "छान काढलंयस. आता असं कर, उद्या या वेम्ब्लीची सगळी माहिती काढून आण आणि वर्गाला सांग." मला वाटलं, गडी कंटाळेल. पण दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या दोन पानं भरून घेऊन आला!

त्यानं जे सांगितलं ते तुम्हीही ऐका. जुनं वेम्ब्ली अवघ्या ३०० दिवसांत बांधून झालं. दर्शनी बाजूला दोन पांढरे मनोरे. २८ एप्रिल १९२३ रोजी तिथं पहिला सामना झाला, एफ. ए. कपची अंतिम लढत, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. मैदानात सव्वा लाख माणूस मावेल असा हिशेब होता. पण त्या दिवशी तिकीट आधी काढायची पद्धत सगळ्यांना नव्हती. लोक आले, येतच राहिले. दरवाजे बंद केले तर भिंतीवरून चढून आत आले. दोन लाखांवर माणूस लोटला असावा असा अंदाज आहे. मागच्यांना दिसेना, म्हणून ते पुढं रेटू लागले. पुढचे सरकत सरकत थेट खेळाच्या हिरवळीवर आले! गोलपोस्ट कुठं आहे तेच दिसेना. शेवटी पोलीस घोड्यांवर बसून आले. त्यांतला एक करड्या रंगाचा घोडा, त्याचं नाव बिली. जुन्या चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसतो. त्यानं आणि त्याच्यावरच्या पोलिसानं न मारता, न तुडवता, हळूहळू गर्दी मागं सरकवली. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. बोल्टननं दोन गोल करून कप जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो घोडा. आजही त्या सामन्याला 'पांढऱ्या घोड्याची फायनल' म्हणतात.

वर्ग खूष! टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. आणि मग विचारलं, "बरं, आता आपलं सांगा. वेम्ब्लीच्याही आधी बांधलेलं, हजारो माणसं बसतील असं एक मैदान आपल्या कोल्हापुरात आहे. कोणतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी म्हणालं शाहू स्टेडियम, कुणी म्हणालं गांधी मैदान. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे आजोबा तालमीत वस्ताद होते. ती म्हणाली, "बाई, खासबाग!"

शाब्बास! राजर्षी शाहू खासबाग मैदान. कुस्तीचं मैदान. १९०७ साली त्याचं काम सुरू झालं आणि १९१२ साली पुरं झालं. म्हणजे वेम्ब्लीपेक्षा ११ वर्षांनी थोरलं! आणि गंमत बघा, मैदानाशेजारी भेळ खाल्लेली मुलं वर्गात चाळीसपैकी बत्तीस निघाली. मैदान आतून पाहिलेली निघाली पाच.

"मग उद्या जाऊया," मी म्हटलं. पण जायच्या आधी एक प्रयोग करायचं ठरलं. तुम्हीही तुमच्या शाळेत करून बघा.

आम्ही पटांगणात गेलो. दोघांना मध्ये उभं केलं आणि म्हटलं, तुम्ही पैलवान. पंजा लढवा. बाकीचे त्यांच्याभोवती गोल बसा, एकामागं एक अशा तीन रांगा करून. लढत सुरू झाली. पहिली रांग खूष. तिसऱ्या रांगेतून लगेच आरडाओरडा, "बाई, दिसंना झालंय!" मग तिसरी रांग गुडघ्यांवर उठली. दुसरीला वाटलं, आपण का मागं राहावं? तीही उठली. मग तिसरी उभीच राहिली. मग दुसरी उभी. मग पहिलीही उभी! आता सगळेच्या सगळे उभे, टाचा उंचावलेल्या, माना ताणलेल्या. आणि दिसतंय किती? अगदी आधी दिसत होतं तेवढंच! फक्त पाय दुखायला लागले.

बघा हं, ही साधी गोष्ट नाही. वेम्ब्लीला त्या दिवशी हेच झालं. प्रत्येक जण आपल्यापुरता पुढं सरकला आणि सगळ्यांचंच बिघडलं.

मग मी पुढच्या रांगेला जमिनीवर, दुसऱ्या रांगेला शाळेच्या पहिल्या पायरीवर आणि तिसऱ्या रांगेला वरच्या पायरीवर बसवलं. पैलवान पायऱ्यांसमोर. आता कुणालाच उठायला लागेना. का बरं? कारण मागच्याचे डोळे पुढच्याच्या डोक्यापेक्षा वर आले. बस्स, एवढंच शास्त्र आहे. मागची प्रत्येक ओळ पुढच्या ओळीपेक्षा पुरेशी उंच हवी. जितकं मागं जाल तितकं वर जायचं.

हे तत्त्व काही नवं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या लोकांना ते चांगलं ठाऊक होतं. इसवी सन ८० मध्ये रोममध्ये कलोसियम नावाचं प्रचंड प्रेक्षागार खुलं झालं. लंबगोल आकार, मध्ये लढायची जागा आणि भोवती चढत गेलेल्या ओळी. सुमारे ५० हजार माणूस बसायचं. मधल्या जागेवर वाळू पसरलेली असे, कारण तिथं रक्त सांडायचं. इंग्रजीत मैदानाला 'अरीना' म्हणतात ना, तो शब्द वाळूच्या लॅटिन नावावरून आला आहे. तिथं माणसं माणसांशी शस्त्रांनी लढत, जनावरांशी लढत, आणि लोक ते बघत. बसायची व्यवस्थाही मानाप्रमाणं. मोठे सरदार अगदी पुढं. गरीब माणसं आणि बायका सगळ्यांत वर, सगळ्यांत लांब.

आता या रोमचा आणि आपल्या खासबागेचा संबंध काय?

सांगते. १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्यारोहण समारंभ होता. त्याला शाहू महाराज कोल्हापूरहून बोटीनं विलायतेला गेले. समारंभ ठरला होता २६ जूनला, म्हणजे नेमका महाराजांच्या वाढदिवशी! पण ऐन वेळी राजाचंच पोट दुखायला लागलं. ॲपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं आणि समारंभ ९ ऑगस्टपर्यंत पुढं गेला. त्याच प्रवासात महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन, तालमीत घुमलेले. तिथं उभं राहून त्यांना वाटलं, असं प्रेक्षागार आपल्या पैलवानांसाठी का नसावं?

पण महाराजांनी रोमकडून घेतलं काय आणि ठेवून दिलं काय, ते बघण्यासारखं आहे. बशीसारखा चढत जाणारा आकार घेतला. शस्त्रं घेतली नाहीत. वाळूच्या जागी आपली तांबडी माती आली. रोमच्या वाळूवर कधी कधी एक जण मरायचा तेव्हा दुसरा जिंकायचा. आपल्या हौद्यात पैलवान आधी माती कपाळाला लावतो, समोरच्याशी हात मिळवतो, मग लढतो. पाठ टेकली की कुस्ती संपली. हरलेला उठतो, अंगावरची माती झटकतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तालमीत हजर!

आणि त्याच १९०२ सालची आणखी एक गोष्ट. महाराज विलायतेत असतानाच, २६ जुलैला, इकडं कोल्हापुरात त्यांचा एक हुकूम निघाला. संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांसाठी राखून ठेवायच्या. आजवर जे मागं उभे होते, ज्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसत होत्या, त्यांना वरच्या पायरीवर बसायला जागा द्यायची. पुढं १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना महिन्याला एक रुपया दंड! आता कळलं, मला मैदान आणि शाळा या दोन गोष्टी एकाच माणसाच्या का वाटतात ते?

बुधवारी सकाळी आम्ही खासबागेत गेलो. विचारून, परवानगी घेऊन. दारातून आत शिरलो आणि आमची चाळीस तोंडं एकदम गप्प झाली. शनिवारच्या कवायतीलासुद्धा इतकी गप्प होत नाहीत! चारही बाजूंनी जमीन वर चढत गेलेली आणि मधोमध हौदा. तीस हजारांहून जास्त माणूस इथं बसू शकतं. वर छप्पर नाही. नुसतं आभाळ.

"बाई, गोल का केलंय? फुटबॉलचं तर चौकोनी असतंय," गोलकीपरनं विचारलं. प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, तूच सांग. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "पैलवान गरागरा फिरत्यात म्हणून?" अगदी बरोबर! फुटबॉलमध्ये बॉल या टोकाकडून त्या टोकाला जातो, म्हणून मैदान लांबट. कुस्तीत तसं टोक नाही. आत्ता ज्याचं तोंड तुमच्याकडं आहे, त्याची क्षणात पाठ होते. पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे ठरलेलंच नसतं. म्हणून भोवती गोल बसायचं. गोल केलं की एका ओळीत बसलेल्या सगळ्यांना हौदा सारखाच लांब.

मग मी त्यांना हौद्याच्या मातीबद्दल सांगितलं. तुम्हांला वाटेल, माती ती माती. तसं नाही बरं का. तांबडी माती चाळून, खडे काढून घेतात. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मिसळतात. मऊ राहावी, अंगाला खरचटलं तर चिघळू नये म्हणून. कुस्तीच्या आधी पैलवान स्वतः खोऱ्यानं ती उकरतात. ज्या मातीत दुसऱ्याला लोळवायचं, ती आधी आपल्या हातानं मऊ करायची. किती चांगली रीत आहे!

१९१२ साली मैदान खुलं झालं तेव्हा इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या नामांकित पैलवानांची जोड लागली होती. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. महाराजांच्या दरबारी पैलवानाची जात-धर्म कुणी विचारत नसे. दम किती, डाव किती, एवढंच.

आता पुन्हा एकदा लंडनला जाऊ या. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक झालं. त्याचं मुख्य मैदान कोणतं, माहीत आहे? आमच्या गोलकीपरचं वेम्ब्लीच! त्या ऑलिंपिकला आपल्याकडचा एक पैलवान गेला होता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकणारा खाशाबा जाधव. त्याच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. खाशाबा मातीतला पैलवान. तिथं कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर. नियमही निराळे. तरी तो सहावा आला. परत येऊन त्यानं चार वर्षं कष्ट उपसले. १९५२ साली हेलसिंकीला जायचं होतं, पण पैसे कुठून आणायचे? तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचं घर! मी शिक्षिका आहे, म्हणून हे वाक्य लिहिताना माझा हात थोडा थांबतो. मी असं करू शकले असते का?

खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक संपल्यावर या माणसानं काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या लढला, जिंकला आणि मिळालेले पैसे सरांना नेऊन दिले. घर सोडवलं. पदकाइतकीच मोठी गोष्ट आहे ना ही?

हे सगळं सांगत असताना मुलं हौद्याभोवती बसून ऐकत होती. वस्तादांची ती नात मात्र उठून उभी राहिली.

"बाई, एक विचारू? इथं पोरींना आत सोडत होते काय?"

मुलांनो, खरं सांगते, या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती.

मला माझी आजी आठवली. आजोबांना कुस्तीचा भारी नाद. मैदान असलं की दुपारपासून त्यांचं कामात लक्ष नसायचं. आजी त्यांच्यासाठी भाकरी बांधून द्यायची. पैलवानांची नावं तिला तोंडपाठ होती. कुणाचा कोणता डाव, कुणाचा वस्ताद कोण, सगळं. पण तिनं खासबाग आतून कधीच पाहिलं नाही. ती रस्त्यावरून जाताना हलगीचा आवाज ऐकायची. सांगायची, "हलगी एकदम चढली की समजायचं, कुणीतरी चीत झालं." तिला मनाई कुणी केली होती? मला तरी ठाऊक नाही. कदाचित कुणीच नाही. बायकांनी कुस्ती बघायची नसते, एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलेलं. शेवटच्या ओळीतून दिसेल असं मैदान बांधलेलं होतं, पण माझी आजी त्या शेवटच्या ओळीपर्यंतही पोचली नाही.

मी त्या मुलीला हेच सांगितलं. आणि पुढचंही सांगितलं. २००४ सालापासून ऑलिंपिकमध्ये मुलींची कुस्ती सुरू झाली. २०१६ साली साक्षी मलिकनं त्यात ब्राँझपदक मिळवलं. आणि आपल्या कोल्हापूरशेजारच्या वडणगे गावची रेश्मा माने भारताकडून कुस्ती खेळली. "म्हणजे आता पोरींना जागा हाय," ती म्हणाली आणि बसली.

पण मुलांनो, घरी जाताना माझ्या मनात दुसराच विचार चालला होता. आमच्या शाळेत मैदानाचा तास असतो. मुलगे फुटबॉल खेळतात. मुली कुठं असतात? भिंतीच्या कडेला, सावलीत, एकमेकींच्या वेण्या घालत. त्यांना कुणी 'खेळू नका' म्हटलेलं नाही. पण 'या' असंही कुणी म्हटलेलं नाही. मी रोज तिथंच उभी असते, शिट्टी माझ्याच गळ्यात असते! चूक कुणाची? माझीच. आजीबद्दल हळहळायचं आणि डोळ्यांसमोरच्या मुली दिसू द्यायच्या नाहीत, हे कसं चालेल? गुरुवारपासून आम्ही मैदान निम्मं-निम्मं केलं आहे. पहिल्या दिवशी मुलग्यांनी कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी मुलींनी दोन संघ पाडले. तिसऱ्या दिवशी गोलकीपरनं स्वतः येऊन विचारलं, "बाई, त्यांच्या गोलमध्ये कोण उभारत न्हाई. मी शिकवू काय?"

आता एक दुःखाची गोष्ट. खासबागेला लागूनच एक नाट्यगृह होतं. तेही शाहू महाराजांनीच बांधलेलं, १९१५ साली खुलं झालेलं. आधी त्याचं नाव होतं पॅलेस थिएटर. पुढं थोर गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव त्याला दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती! डोळ्यांदेखत नाट्यगृह जळालं. त्या रात्री कोल्हापूरचे लोक रस्त्यावर उभे राहून रडले. मी माझ्या वडिलांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम पुढं हाती घेतलं गेलं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली. जुनी वास्तू 'असतेच' असं आपण धरून चालतो. भेळ खातो आणि पुढं जातो. जुनं वेम्ब्ली बघा. १९६६ साली इंग्लंडनं तिथं विश्वचषक जिंकला, सगळ्या जगानं तिथले दोन मनोरे पाहिले. तरी ते जुनं झालं म्हणून पाडलं आणि २००७ साली त्याच जागी कमानीचं नवं वेम्ब्ली उभं राहिलं. चांगलंच आहे नवं. पण त्या पांढऱ्या घोड्यानं जिथं गर्दी मागं सरकवली, ते जुनं मैदान आता फक्त चित्रांत आहे. आपलं खासबाग मात्र अजून जागेवर आहे. शंभर वर्षं उलटून गेली. पाऊस झेलला, ऊन झेललं. ते टिकवायचं तर आधी ते आपल्याला माहीत हवं. जे आपण आत जाऊन पाहिलेलंच नाही, त्याची काळजी कोण घेणार?

बुधवारी निघायच्या आधी मी मुलांना सांगितलं, आता पाच मिनिटं मोकळी. कुठंही बसा. मुलगे पळत सुटले ते थेट हौद्याजवळ, पहिल्या ओळीला. आणि वस्तादांची नात आणखी चौघींना घेऊन चढत चढत अगदी वर गेली. शेवटच्या ओळीत जाऊन बसली. तिथून त्या मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. मी हौद्याजवळून हात केला, आणि वरून तिचा आवाज आला,

"बाई, दिसतंय! हितनं सगळं दिसतंय!"

आता तुमचं काम. तुमच्या गावात जुनं मैदान, तालीम, व्यायामशाळा, क्रीडांगण काहीतरी असेलच. ते कुणी बांधलं, केव्हा बांधलं, तिथं पहिल्यांदा काय झालं, हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा. आणि आजीला एक प्रश्न जास्तीचा विचारा, "तू कधी आत गेली होतीस का?" उत्तर वहीत लिहून ठेवा. मग एखाद्या रविवारी तिला घेऊन जा.

पालकांसाठीही दोन ओळी. मुलांना परदेशातल्या स्टेडियमचं वेड असू द्या, त्यात काही वाईट नाही. आमच्या गोलकीपरनं वेम्ब्लीची कमान काढली, म्हणून तर आम्ही खासबागेत पोचलो. फक्त एकदा त्यांचा हात धरून आपल्या मैदानातही न्या. मुलाला न्याल तेव्हा मुलीलाही न्या. आणि तिथं गेलात की पुढच्या ओळीत बसू नका. मुलांबरोबर वर, शेवटच्या ओळीत जाऊन बसा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू, मधल्या सुट्टीत!

तुमच्या,
बाई